माइनक्राफ्टचा भाड्याचा सर्व्हर, काही महिन्यांच्या वापरानंतर: रॅम वाढवण्याआधी सिम्युलेशन डिस्टन्स बघा

लॅगची, म्हणजे खेळ अडखळत चालण्याची, तक्रार केली की सर्व्हर भाड्याने देणाऱ्या होस्टिंग कंपनीच्या सपोर्टचं एकच उत्तर येतं: रॅम कमी पडतेय, वरचा प्लॅन घ्या. आमचा सर्व्हर असा: माइनक्राफ्टची जावा एडिशन 1.21, 8 जीबीचा प्लॅन, एका वेळी जेमतेम आठ खेळाडू आणि एकही मोड (खेळात बदल करणारी जोडणी) नाही. एवढ्याला रॅम कमी पडत नाही. सपोर्टला ते दाखवून दिल्याशिवाय ते ऐकत नाहीत, पण दाखवायची सोय सर्व्हरमध्येच आहे. ती वापरल्याशिवाय कुणीही वरच्या प्लॅनचे पैसे भरू नयेत.

आधी पॅनेलवरच्या रॅमच्या आलेखाबद्दल, कारण सपोर्ट त्याचाच स्क्रीनशॉट पुढे करतो. आलेख 85-90 टक्क्यांवर चिकटलेला असणं हा बिघाड नाही. सर्व्हर ज्यावर चालतो ते जावा दिलेली मेमरी वापरत जाते, एकदा घेतली की सहसा परत करत नाही, आणि गार्बेज कलेक्टर (नको असलेली मेमरी मोकळी करणारा जावाचा भाग) गरज पडेल तेव्हाच साफसफाई करतो. खरी अडचण उलट्या बाजूने येते. 8 जीबीच्या प्लॅनवर एक्सएमएक्ससुद्धा (जावाच्या हीपची, म्हणजे सर्व्हरचा डेटा ठेवायच्या मेमरीची, कमाल मर्यादा) 8 जीबी दिला, तर हीपच्या बाहेर जावाला लागणारी मेमरी कुठून येणार? मग कंटेनर, म्हणजे सर्व्हर ज्यात चालतो तो बंदिस्त कप्पा, बाहेरून मारला जातो आणि कन्सोलवर एक्झिट कोड 137 दिसतो. 8 जीबीच्या प्लॅनवर एक्सएमएस (हीपचा सुरुवातीचा आकार) आणि एक्सएमएक्स दोन्ही 6 जीबी ठेवा, फार तर साडेसहा. 137 दिसला म्हणजे रॅम विकत घ्यायची असं नाही, आधी एक्सएमएक्स खाली आणून बघा.

आता मोजमाप. सर्व्हर सेकंदाला 20 टिक, म्हणजे खेळ पुढे नेणारे 20 टप्पे, चालवतो, म्हणजे एका टिकला 50 मिलिसेकंद मिळतात. टीपीएस (सेकंदाला प्रत्यक्ष झालेल्या टिकांची संख्या) 20 दिसतोय म्हणून निर्धास्त राहू नका. टिकला 20 मिलिसेकंद लागोत की 49, टीपीएस 20च दिसतो. 1.20.3 पासून मूळ सर्व्हरमध्ये (खेळ बनवणाऱ्या कंपनीच्या, काहीही न बदललेल्या) 'टिक क्वेरी' ही कमांड आहे. ती एका टिकचा सरासरी वेळ आणि पी50, पी95, पी99 (अनुक्रमे 50, 95 आणि 99 टक्के टिक जेवढ्या वेळात संपतात तो वेळ) दाखवते. नमुना फक्त 100 टिकांचा, म्हणजे पाच सेकंदांचा असतो, त्यामुळे गर्दीच्या वेळी थोड्या थोड्या अंतराने पुन्हा पुन्हा चालवा. सरासरीच 50 च्या वर असेल तर जगाचा रोजचा भार जास्त आहे. सरासरी 20-25 आणि पी99 मात्र 200 च्या पुढे असेल, तर मधूनच झटके बसताहेत: नवे चंक (जगाचे 16 गुणिले 16 ब्लॉकचे तुकडे) तयार होताहेत, बॅकअप चालू आहे किंवा गार्बेज कलेक्शन होतंय. दोन्हींचे उपाय वेगळे आहेत.

सरासरी जास्त असेल तर थेट सिम्युलेशन डिस्टन्सकडे जा. ही सेटिंग 1.18 मध्ये आली. त्याआधी सगळा कारभार व्ह्यू डिस्टन्सवरच चालायचा. दोन्ही सेटिंगांची मूळ किंमत 10 असते. व्ह्यू डिस्टन्स खेळाडूला किती जग दिसेल ते ठरवतं, सिम्युलेशन डिस्टन्स किती जग जिवंत राहील ते ठरवतं. हिशेब वर्गाचा आहे. 10 ठेवलं तर प्रत्येक खेळाडूभोवती 21 गुणिले 21, म्हणजे 441 चंक चालू राहतात. 5 केलं तर 11 गुणिले 11, फक्त 121. आठ जण आठ दिशांना पांगले असतील तर 3528 विरुद्ध 968. सगळे एकाच गावात असतात तेव्हा चंक एकमेकांवर पडतात आणि लॅग जाणवत नाही. जो तो आपापल्या तळावर गेला की सर्व्हर बसतो. लॅग खेळाडूंच्या संख्येपेक्षा त्यांच्या पांगण्यावर का अवलंबून असतो, याचं उत्तर या आकड्यांत आहे, आणि जास्तीची रॅम त्यात काहीही करू शकत नाही.

बदल करताना सर्व्हर आधी पूर्ण बंद करा, मग सर्व्हर डॉट प्रॉपर्टीज उघडा, बदला, जतन करा, चालू करा. ही फाईल सर्व्हर स्वतःही लिहीत असतो, त्यामुळे चालू असताना केलेला बदल पुसला जाऊ शकतो. स्वतःच्या टिपा म्हणून घातलेल्या ओळीही त्यात टिकत नाहीत.

5 ची किंमत काय मोजावी लागते, तेही सांगायला हवं. खेळाडूपासून साधारण 80 ब्लॉकच्या पलीकडे काहीच चालत नाही. तिथला गहू वाढत नाही, भट्टी थांबते, हॉपर (वस्तू गोळा करून पुढे सरकवणारे ब्लॉक) थांबतात. मॉब (खेळातले प्राणी आणि राक्षस) मारून वस्तू मिळवणाऱ्या मॉब फार्मवर तर थेट परिणाम होतो. शत्रू मॉब 128 ब्लॉकच्या पलीकडे गेले की लगेच नाहीसे होतात, या नियमावर बरीच डिझाइन बांधलेली असतात. चालू जग 80 ब्लॉकला संपत असेल तर त्यापुढचा मॉब नाहीसा न होता जागच्या जागी गोठतो. मूळ सर्व्हरवर फार्म महत्त्वाचे असतील तर 8 च्या खाली जाऊ नका, कारण 8 चंक म्हणजे बरोबर 128 ब्लॉक.

इथपर्यंतचं मत मूळ सर्व्हरच्या वापरावरून बनलं होतं. पेपर या पर्यायी सर्व्हर सॉफ्टवेअरवर आल्यानंतर दोन गोष्टींबद्दल ते बदललं.

पहिली, व्ह्यू डिस्टन्स. मूळ सर्व्हरवर ते 6 पर्यंत खाली आणण्याचा माझा आग्रह होता. आता 10 ठेवतो. नुसते दिसणारे चंक टिकचा वेळ फारसा खात नाहीत. ते नेटवर्क आणि मेमरी खातात, आणि मेमरी तर आपल्याकडे आहेच. अट एकच: चंक आधीच तयार हवेत. चंक आधीच बनवून ठेवणारं चंकी प्लगिन घ्या, केंद्र 0 0, रेडियस 5000, मग स्टार्ट. 10,000 गुणिले 10,000 ब्लॉक म्हणजे 3,90,625 चंक, त्यामुळे वेळ आणि डिस्क दोन्ही लागतात. कुणी खेळत नसताना चालवा. झाल्यावर वर्ल्ड बॉर्डर (जगाची हद्द) 10,000 ला लावा, नाहीतर कुणीतरी एलिट्रा (उडायचे पंख) घालून पलीकडे उडतो आणि पी99 चे झटके परत सुरू होतात.

दुसरी गोष्ट म्हणजे खुद्द सिम्युलेशन डिस्टन्स, आणि पेपर वापरायला माझ्या दृष्टीने हे एकच कारण पुरेसं आहे. पेपरवर 5 ठेवूनही मॉबांचा तोल सांभाळता येतो. स्पिगॉट डॉट वायएमएल या सेटिंगांच्या फाईलमध्ये मॉब स्पॉन रेंज (खेळाडूपासून किती चंकांपर्यंत मॉब जन्मतात) 8 असते, ती 4 करा. पेपरच्या वर्ल्ड डिफॉल्ट्स फाईलमध्ये मॉन्स्टरची हार्ड डीस्पॉन रेंज (जिच्या पलीकडे शत्रू मॉब लगेच नाहीसे होतात ते अंतर) 128 वरून 72 वर आणा. नियम असा: स्पॉन रेंज सिम्युलेशन डिस्टन्सपेक्षा जास्त नको, आणि हार्ड रेंजला 16 ने भागून येणाऱ्या आकड्यापेक्षाही जास्त नको. 72 भागिले 16 म्हणजे साडेचार, 4 बसतात. यातली एकच किंमत बदलली आणि बाकीच्या तशाच ठेवल्या, तर कुठे मॉबच दिसत नाहीत, कुठे नुसते गोठलेले उभे असतात. बहुतेक 'पेपरने फार्म मोडले' या तक्रारींत मला हाच अर्धवट बदल दिसतो. टीएनटी डुप्लिकेशनवर, म्हणजे स्फोटक टीएनटीची नक्कल करणाऱ्या त्रुटीवर, चालणारी यंत्रं मात्र खरोखरच बंद पडतात. ती हवी असतील तर पेपर ग्लोबल फाईलमध्ये पिस्टन डुप्लिकेशनला परवानगी द्यावी लागते.

स्पिगॉट डॉट वायएमएलमध्ये प्रत्येक जगाला वेगळं सिम्युलेशन डिस्टन्स देता येतं, हे तर मूळ सर्व्हरमध्ये नाहीच. ओव्हरवर्ल्ड (मुख्य जग) 5, नेदर (खेळातलं पाताळासारखं दुसरं जग) 4 ठेवा. नेदरमध्ये लोक बहुधा प्रवासापुरतेच असतात, तिथे जास्त चंक जिवंत ठेवून उपयोग नाही. या फाईलमध्ये ओळ आत सरकवायला स्पेसच वापरा. टॅब पडला की वायएमएल वाचलंच जात नाही.

हॉपरबद्दल थोडक्यात. वर काहीच नसलेला हॉपर पडलेल्या वस्तू शोधत राहतो. त्याच्यावर कंपोस्टर (खत बनवायचा डबा) ठेवला की हा शोध थांबतो. वस्तू आपोआप वेगळ्या करणाऱ्या मोठ्या सॉर्टरमध्ये याचा फरक टिक क्वेरीत दिसतो.

सुरक्षेत व्हाइटलिस्ट (परवानगी असलेल्या खेळाडूंची यादी) आणि एन्फोर्स व्हाइटलिस्ट दोन्ही ट्रू ठेवा, कारण माइनक्राफ्टचा 25565 पोर्ट स्कॅन करणारे बॉट सतत फिरत असतात. ऑनलाइन मोड (खेळाडूचं खातं खरं आहे का ते तपासणारी सेटिंग) मध्येच फॉल्स करू नका. खेळाडूंचे यूयूआयडी (ओळख क्रमांक) बदलतात आणि सगळे रिकाम्या हाताने नव्याने जन्मतात. बॅकअपच्या आधी सेव्ह ऑफ, मग सेव्ह ऑल फ्लश, कॉपी झाल्यावर सेव्ह ऑन. हे शेवटचं विसरलं तर पुढचा खेळ आपोआप जतन होत नाही.

सपोर्टशी बोलताना रॅमचा विषयच काढू देऊ नका. सीपीयूचं नेमकं मॉडेल विचारा. टिकचं मुख्य काम एकाच थ्रेडवर चालतं, म्हणून 'चार कोर' या जाहिरातीपेक्षा एका कोरचा वेग महत्त्वाचा. टिकचा वेळ कुठे जातो ते मोजणाऱ्या स्पार्क प्रोफायलरचा अहवाल जोडून तिकीट टाका. सेटिंग वरीलप्रमाणे असूनही, सर्व्हर रिकामा असतानाही टिकचा वेळ चढत असेल, तर त्याच मशीनवरचे इतर ग्राहक सीपीयू ओढताहेत. अशा वेळी दुसऱ्या नोडवर (मशीनवर) हलवून मागा. आमच्या कंपनीने अहवाल बघितल्यावर जादा पैसे न घेता हलवलं. तेवढ्यापुरतं त्यांचं मनापासून कौतुक, पण पहिल्याच तिकिटाला हे व्हायला हवं होतं. प्लॅन 8 जीबीचाच ठेवलाय आणि नूतनीकरणही त्याचंच करणार.