'इन थ्रू द आउट डोअर' : काही महिने सतत ऐकल्यानंतर

लेड झेपेलिन या ब्रिटिश रॉक बँडच्या चाहत्यांमध्ये 'इन थ्रू द आउट डोअर' या अल्बमचा विषय निघाला की एक ठरलेलं मत ऐकायला मिळतं: दमलेल्या बँडचा दमलेला शेवट. गेले कित्येक महिने मी हा अल्बम जवळजवळ रोज ऐकतोय. कधी हेडफोन लावून, कधी मोठ्या स्पीकरवर, कधी काम करताना नुसता मागे चालू ठेवून. ते मत मला मुळीच पटत नाही. हा बास आणि कीबोर्ड वाजवणाऱ्या जॉन पॉल जोन्सचा अल्बम आहे. गिटारवादक जिमी पेजचा समजून ऐकायला बसलात तर हिरमोड होणारच.

आधी थोडी पार्श्वभूमी. जुलै 1977 मध्ये अमेरिकेचा दौरा चालू असताना गायक रॉबर्ट प्लांटचा पाच वर्षांचा मुलगा कॅरॅक आजारपणात गेला. दौरा तिथेच थांबला आणि पुढे बराच काळ बँड पुन्हा उभा राहील की नाही हेच कुणाला माहीत नव्हतं. 1978 च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये चौघं स्टॉकहोमच्या पोलार स्टुडिओत गेले. हा स्टुडिओ ॲबा या स्वीडिश ग्रुपचा. सोमवारी विमानाने जायचं, शुक्रवारी इंग्लंडला परत यायचं, असं तीनेक आठवडे चाललं. पेज तेव्हा हेरॉइनच्या आणि ड्रमवादक जॉन बॉनम दारूच्या विळख्यात होता. दोघं स्टुडिओत उशिरा उगवायचे. जोन्स आणि प्लांट मात्र वेळेवर हजर. शिवाय जोन्सच्या हाताशी यामाहाचा जीएक्स-1 हा अवाढव्य सिंथेसायझर होता, एकावर एक तीन कीबोर्ड आणि खाली पायांनी वाजवायच्या पट्ट्या असलेला. त्यामुळे बरीचशी गाणी जोन्स-प्लांट या दोघांच्या हातून आकाराला आली. सातपैकी दोन गाण्यांवर, 'साउथ बाउंड सुआरेझ' आणि 'ऑल माय लव्ह'वर, रचनाकार म्हणून पेजचं नावच नाही. झेपेलिनच्या स्वतःच्या रचनांमध्ये हे आधी कधी घडलं नव्हतं.

आता ऐकण्याबद्दल. इतक्या महिन्यांनंतरही मला सगळ्यात ताजं वाटतं ते 'फूल इन द रेन'. ठरल्या जागी भेटायला मुलगी आली नाही म्हणून एक जण पावसात भिजत, कुढत उभा आहे, आणि शेवटी कळतं की तो चुकीच्या कोपऱ्यावर उभा होता. गोष्ट एवढीच. पण चांगला हेडफोन लावून फक्त बॉनमकडे लक्ष द्या. हाय-हॅटवर (पायाने उघडझाप होणाऱ्या झांजांच्या जोडीवर) तिनाच्या अंगाने झुलणारी लय, मधूनच हाय-हॅट उघडल्याचा 'त्स्स', आणि स्नेअर या कडक आवाजाच्या ड्रमवरच्या जोरकस ठोक्यांच्या अधेमध्ये जेमतेम ऐकू येतील असे हलके ठोके. हे हलके ठोके स्वस्त स्पीकरवर गायब होतात आणि गाणं एकदम साधं वाटायला लागतं. अडीच मिनिटांच्या आसपास शिट्टी वाजते, सगळा बँड सांबा या ब्राझिलियन नाचाच्या ठेक्यात शिरतो, आणि मग बॉनम काही घडलंच नाही अशा सहजतेने मूळ झुलत्या लयीत परत येतो. तो परतीचा क्षण मी कितीदा मागे नेऊन ऐकलाय! त्यानंतर पेजचा खालच्या सप्तकात घरघरणारा सोलो येतो. हे गाणं झेपेलिनने मंचावर कधीच वाजवलं नाही, याची मला खरोखर हळहळ वाटते.

'कारूसेलाम्ब्रा' हे साडेदहा मिनिटांचं गाणं पचायला वेळ लागतो. सुरुवातीला जोन्सचा कीबोर्ड नुसता धावत सुटतो, मधल्या संथ भागात पेजची दुहेरी मानेची गिटार येते, शेवटी पुन्हा सिंथेसायझर. प्लांटचा आवाज मिक्समध्ये इतका खाली गाडलाय की शब्द समोर धरून ऐकलं तरी निसटतात. खुद्द प्लांटनेही पुढे याबद्दल खंत बोलून दाखवली आहे. हा दोष खरा आहे, सवयीने तो कमी होत नाही. तरीही मधला भाग सुरू झाला की मी हातातलं काम थांबवतो.

'ऑल माय लव्ह' प्लांटने कॅरॅकसाठी लिहिलं. चाहत्यांपैकी अनेकांना ते फार गोडगोड वाटतं. पेजलाही ते फारसं रुचलं नव्हतं. मला त्यात कुठेही लाडिकपणा जाणवत नाही. प्लांट इथे ओरडत नाही, किंचाळत नाही, शब्द नीट ठेवून गातो, आणि मधला जोन्सचा सोलो एखाद्या जुन्या दरबारी संगीतासारखा शिस्तीत येतो. मुलगा गमावलेल्या माणसाने कसं गावं हे आपण कोण सांगणार?

'इन द इव्हनिंग'ची अंधारी सुरुवात आणि सोलोच्या तोंडाशी पेजच्या गिटारमधून येणारा तो खणखणीत धक्का अजूनही अंगावर येतो. 'आय'म गॉना क्रॉल' रात्री ऐकावं. 'साउथ बाउंड सुआरेझ' ठीक. 'हॉट डॉग' हे कंट्री ढंगाचं गाणं पहिल्या काही आठवड्यांनंतर मी पुढे ढकलायला लागलो.

अल्बम बाजारात आला ऑगस्ट 1979 मध्ये, इंग्लंडमधल्या नेबवर्थच्या दोन प्रचंड कार्यक्रमांनंतर लगेच. इंग्लंडमध्ये पंक या साध्या, आक्रमक रॉकचे दिवस होते आणि झेपेलिनसारखे बँड म्हणजे डायनोसॉर, असं तिथल्या संगीत-पत्रकारांनी ठरवून टाकलं होतं. सिंथेसायझर फार, गिटार कमी, ही तक्रार तेव्हाचीच. घेणाऱ्यांनी मात्र तो अमेरिका आणि ब्रिटन दोन्हीकडे पहिल्या क्रमांकावर नेला, तेही अमेरिकेत रेकॉर्डचा धंदा मंदीत असताना. त्या शरद ऋतूत त्यांचे जुने सगळे अल्बम पुन्हा अमेरिकेच्या खपाच्या यादीत पहिल्या दोनशेत आले. हिप्नोसिस या डिझाइन स्टुडिओने केलेलं वेष्टनही विलक्षण: एकाच बारमधला प्रसंग सहा जणांच्या नजरेतून टिपलेली सहा वेगवेगळी मुखपृष्ठं, आणि वरून साधी तपकिरी कागदी पिशवी. आत कुठलं मुखपृष्ठ आहे हे घेणाऱ्याला कळायचंच नाही. आतल्या पाकिटावर ओला हात फिरवला की रंग उमटायचे.

25 सप्टेंबर 1980 रोजी बॉनम गेला, 4 डिसेंबरला बँडने थांबत असल्याचं जाहीर केलं, आणि या अल्बमवर 'शेवटचा' असा शिक्का बसला. खरी गडबड इथेच होते. स्टॉकहोममध्ये कुणीही निरोप घेत नव्हतं. आपल्याला आणि बॉनमला हा अल्बम जरा मऊ वाटला होता, पुढचा दणकट करायचं आमच्या मनात होतं, असं पेजने नंतर सांगितलं आहे. म्हणजे हे एक वळण होतं. ते पुढे कुठे गेलं असतं हे आता कळणार नाही, पण म्हणून वळणालाच भिंत का म्हणायचं?

नव्याने ऐकणाऱ्यांनी 2015 चं रीमास्टर (मूळ ध्वनिमुद्रणाचा आवाज नव्याने सुधारलेली आवृत्ती) घ्यावं. त्याच्या दुसऱ्या डिस्कवर याच गाण्यांची कच्ची मिक्स आहेत. 'कारूसेलाम्ब्रा' तिथे 'द एपिक' या नावाने आहे. सोबत 1982 चा 'कोडा' जरूर ऐका. तो उरल्यासुरल्या ध्वनिमुद्रणांचा संग्रह, पण त्यातली 'ओझोन बेबी', 'डार्लीन' आणि 'वेअरिंग अँड टेअरिंग' ही तीन गाणी याच स्टॉकहोमच्या सत्रांतली. 'वेअरिंग अँड टेअरिंग' तर इतकं तुफान आहे की दमलेला बँड म्हणणाऱ्यांना आधी तेच ऐकवावं. माझ्या यादीत मी 'हॉट डॉग' काढून त्या जागी हे बसवलंय. 'फूल इन द रेन' संपतं, हे सुरू होतं, आणि त्याच्या पाठोपाठ 'कारूसेलाम्ब्रा'. या क्रमाने अल्बम कितीतरी जास्त दणकट वाटतो.