नंबर तोच, ब्लॉक दुसरा : जुनी चेनसॉ घेताना झालेली फसवणूक

जुनी चेनसॉ, म्हणजे लाकूड कापायचं इंजिनवरचं मशीन, विकत घेताना समोरचा म्हणाला, "सर्व्हिस करून देतो, चार दिवस मशीन माझ्याकडंच राहू दे," तर व्यवहार तिथंच थांबवा. मशीन आहे तसं, धुळीसकट, त्याच दिवशी गाडीत टाकता येत असेल तरच पैसे द्या. या चार दिवसांत माझे 38,000 रुपये गेले. त्याहून वाईट म्हणजे एक चांगलं, जुळलेलं मशीन फोडलं गेलं. हीच युक्ती आणखी कुणावर तरी चालणार याची मला खात्री आहे, म्हणून सगळं तपशीलात लिहितोय. विकणाऱ्याचं नाव देत नाही, कारण तक्रार चालू आहे.

ज्यांना या छंदाची माहिती नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. चंदगड, आजरा, राधानगरीकडं झाडतोडीची कामं पूर्वीपासून चालतात. तिथल्या ठेकेदारांकडं, लाकडाच्या वखारींत एखादं परदेशी मशीन माळ्यावर वर्षानुवर्षं पडून असतं. ते आणायचं, सोडवायचं, धुवायचं, झिजलेलं बदलायचं आणि पुन्हा चालू करायचं, हा माझा नाद. कोल्हापुरात हा नाद परवडतो तो उद्यमनगरमुळं. ज्या गल्ल्यांत शेतीपंपाची ऑइल इंजिनं घडली, तिथं एखादी बुशिंग किंवा स्टड करून घ्यायला लांब जावं लागत नाही. नमुना दाखवला की संध्याकाळपर्यंत वस्तू तयार.

या नादातलं मानाचं मशीन म्हणजे जर्मनीच्या स्टिल कंपनीचं 070. या कंपनीनं 1959 मध्ये काँट्रा नावाचं मशीन काढलं. त्यात गिअर काढून टाकून इंजिनची ताकद थेट चेनला दिली होती. 070 त्याच घराण्यातलं. 58 मिलिमीटरचा बोअर (सिलिंडरचा व्यास), 40 चा स्ट्रोक (पिस्टनची चाल), म्हणजे 106 सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन. चेन जिच्यावर फिरते ती पट्टी न लावता वजन दहा किलोच्या आसपास, 0.404 इंच पिचची जाड चेन. दोरी ओढली की खांद्यापर्यंत झटका कळतो.

हे मशीन इतकं जुनं आणि इतकं वापरातलं आहे की चीनमध्ये त्याची हुबेहूब नक्कल निघते. नकलेचे सुटे भाग अस्सल मशीनला बसतात. रानात रोज लाकूड तोडणाऱ्याची त्यामुळं सोय होते, स्वस्तात मशीन चालू राहतं. पण माझी फसवणूक नेमकी याच सोयीच्या जोरावर झाली.

मशीन होतं हायवेलगतच्या एका गोडाऊनमध्ये. कुठल्याशा कॉफीच्या मळ्यातून लिलावात आलेलं आहे, असं मालक सांगत होता. मी सायलेन्सर खोलून बॅटरीच्या उजेडात आत बघितलं. पिस्टनच्या अंगावर मशीनिंगच्या बारीक आडव्या रेषा अजून दिसत होत्या, म्हणजे झीज कमी. बोअरला, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या भिंतीला, एका बाजूनं ॲल्युमिनियमचा पातळ लेप चिकटला होता, पण खालचा क्रोम शाबूत होता. असा लेप कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात भिजवलेल्या बोळ्यानं जपून काढता येतो. कॉस्टिक ॲल्युमिनियम खातं, क्रोमला धक्का लावत नाही. (बोळा पोर्टच्या, म्हणजे त्या भिंतीतल्या झरोक्यांच्या, कडेला, उघड्या ॲल्युमिनियमला लागू द्यायचा नाही, आणि हातमोजे, चष्मा घातल्याशिवाय हे करायचं नाही.) कॉम्प्रेशन गेजवर 130 पीएसआय आलं. ब्लॉकवर (पिस्टन ज्यात चालतो त्या सिलिंडरवर) महले कंपनीचं नाव, कार्बोरेटरवर टिलॉटसन कंपनीचं नाव, मॅग्नेटखाली ठिणगीसाठीचे जुने पॉइंट. सगळं जिथल्या तिथं.

ब्लॉकवर एक खूण होती. सायलेन्सरच्या बाजूला, वरून तिसऱ्या फिनचा (ब्लॉक थंड ठेवणाऱ्या बाहेरच्या पात्याचा) करंगळीच्या नखाएवढा तुकडा उडालेला. तुटलेली कड तेलानं काळी पडलेली, म्हणजे घाव जुना. मी त्याचे जवळून फोटो काढले. क्रँककेसवर, म्हणजे ब्लॉकखालच्या इंजिनच्या पेटीवर, ठोकलेल्या नंबरचाही फोटो घेतला.

भाव 38,000 ठरला. 10,000 रोख दिले. मशीन उचलायला गेलो तर मालक म्हणाला, "असंच कुठं नेताय मालक? सीलं कडक झाल्यात. आताच्या पेट्रोलनं डायफ्रॅम जातोय, तुम्हाला ठाव हाय. घरी नेऊन बंद पडलं तर नाव माझं खराब. सीलं, पॅकिंग, डायफ्रॅम बदलून, धुऊन देतो." मी का-कू करतोय म्हटल्यावर तोच पुढं बोलला, "नंबर टिपून घेतलाय न्हवं तुम्ही? मग भ्या कशाचं?"

यातला शब्दन् शब्द पटण्यासारखा होता. 20 टक्के इथेनॉलच्या पेट्रोलनं कार्बोरेटरमधल्या जुन्या रबरी डायफ्रॅमचं (पडद्याचं) आणि नळ्यांचं नुकसान होतं, हे खरंच आहे. वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या मशीनची क्रँकसीलं कडक होतात, हेही खरं. सीलमधून हवा खेचली की पेट्रोलचं मिश्रण पातळ होतं आणि पिस्टन जाम होतो. असली माणसं खोटं बोलतात ती खऱ्याच्या आडून.

ठरल्या दिवशी गेलो तर मशीन रंगवून, पुसून ठेवलेलं. नंबर ताडून बघितला, तोच. माझ्यासमोर दोरी ओढली, मशीन लगेच चालू झालं. उरलेले 28,000 यूपीआयनं दिले. पावतीवर त्यानं लिहिलं, "जुनी चेनसॉ एक नग, चालू स्थितीत." बस्स, एवढंच.

घरी बाभळीच्या ओंडक्यावर लावलं आणि लक्षण ठीक दिसेना. मोकळं सोडलं की आरपीएम आपोआप चढायचे, लाकडात घातलं की दम जायचा. दोन काप झाले आणि तापल्याचा वास यायला लागला. बंद केलं आणि दुसऱ्या दिवशी उद्यमनगरात आमच्या टर्नरमामांकडं नेलं. जुनी इंजिनं खोलण्यात या माणसाचं आयुष्य गेलंय.

वरचं कव्हर निघालं. मामांनी ब्लॉकवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "दादा, ते फोटो काढा बघू." मी मोबाईल ब्लॉकशेजारी धरला. फोटोत तिसरा फिन तुटका, समोर तिसरा फिन अखंड.

आधी वाटलं, वेल्डिंगनं भरून घेतला असेल. ॲल्युमिनियमचा फिन भरता येतो, आपल्याकडं करणारे आहेत. मामांनी कानशीनं किंचित घासून बघितलं, सांधा कुठंच नाही. मग ब्लॉक उतरवला. ओतकामाचा पोत रवाळ, महलेचं नाव गायब. पोर्टच्या कडा धारदार, घासून बोथट केलेल्या नाहीत, आणि एवढ्याशा चालण्यात रिंग त्या कडेला घासून पिस्टनवर उभे ओरखडे आलेले. कार्बोरेटरवर कुठलंच नाव नाही. मॅग्नेट काढला तर पॉइंटही गेलेले, त्यांच्या जागी नवी स्वस्त इलेक्ट्रॉनिक कॉइल. सीलं मात्र जुनीच, कडक झालेली. जे बदलतो म्हणून मशीन ठेवून घेतलं होतं, तेवढंच बदललं नव्हतं.

"ह्यो ब्लॉक त्यो न्हवं," मामा म्हणाले. "क्रँककेस तेवढी तुमची."

आता हिशोब लक्षात घ्या. नंबर ठोकलेला असतो क्रँककेसवर. क्रँककेस जाग्यावर ठेवली की नंबर जुळतो आणि घेणारा निर्धास्त होतो. मशीनची किंमत असते ब्लॉक-पिस्टन, कार्बोरेटर आणि मॅग्नेटमध्ये. ते काढून सुटं विकायचं, जागेवर नकलेचे भाग बसवायचे आणि मशीन पुन्हा पूर्ण किमतीला द्यायचं. एकाच मालाचे पैसे दोनदा.

फोन केला तर उत्तर तयार होतं. "जुना ब्लॉक झिजलावता, तुमच्यासाठी नवीन टाकला. उलट तुमचा फायदाच केला की." जुना परत द्या म्हटलं तर, "तो भंगारात गेला." आणि शेवटी, "नंबर जुळतोय न्हवं? मग तक्रार कसली?" त्यानंतर फोन उचलणं बंद.

पुढं इचलकरंजीच्या एका मित्रानं मला एक जाहिरात पाठवली, आपल्या छंदातलं काहीतरी म्हणून सहज. "जर्मन ब्लॉक, महले, ओरिजिनल, 16,000." फोटो मोठा करून बघितला. वरून तिसरा फिन, सायलेन्सरची बाजू, करंगळीच्या नखाएवढा तुकडा उडालेला. काळी कड तीच, तिच्याखालचा ओरखडाही तोच. भंगारात गेलेला ब्लॉक विकायला आला होता.

त्या फोटोनं माझं रक्त उसळलं, खोटं कशाला सांगू. ते पिस्टन आणि तो बोअर कित्येक वर्षं एकमेकांबरोबर चालून बसलेले होते. तेवढ्यासाठी तर आपण हे जुनं लोखंड जपतो. ब्लॉक एका गावाला, कार्बोरेटर दुसऱ्या गावाला गेला की ते मशीन पुन्हा उभं राहत नाही. पैसे मिळवता येतात, हे मिळवता येत नाही.

मी पोलिसांत लेखी अर्ज दिला आहे. फसवणुकीसाठी 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेचं कलम 318 लागू आहे, पूर्वीच्या 420 च्या जागी. तोंडी सांगून भागत नाही. अर्जासोबत आधीचे फोटो, नंतरचे फोटो, पावती, यूपीआयच्या व्यवहाराची नोंद आणि त्या जाहिरातीचा तारखेसकट स्क्रीनशॉट जोडला आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घेतली. फोटोंबाबत एक गोष्ट माझ्या उपयोगी पडली. मूळ फोटो मोबाईलमध्ये तसेच होते. व्हॉट्सॲपवरून साधा फोटो पाठवला की काढल्याची वेळ आणि इतर माहिती त्यातून निघून जाते. म्हणून मूळ फाइल पुसू नका, आणि पाठवायची झाल्यास डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

यापुढं कुठलंही जुनं मशीन घेताना मी काय करणार आहे, तेही सांगतो. पावतीवर नुसतं "एक नग" चालणार नाही. क्रँककेसचा नंबर, ब्लॉकवरचं नाव, कार्बोरेटरवरचं नाव, पॉइंट आहेत की कॉइल, हे सगळं लिहून विकणाऱ्याची सही. (महलेचंच नाव हवं असं नाही, जुन्या मशीनवर कोल्बेनश्मिटचेही ब्लॉक असत. नाव आहे का, आणि ओतकाम त्याला साजेसं आहे का, हे बघायचं.) मशीन ठेवावंच लागलं, तर ब्लॉकच्या तळाचे नट आणि कार्बोरेटरचे स्क्रू यांवर नेलपॉलिशची एक रेघ अशी ओढायची की ती नटावरून बॉडीवर जाईल, आणि तिचा फोटो घ्यायचा. नट फिरला की रेघ तुटते. ताबा घेताना इंजिन चालू करून दाखवलं म्हणून खिशात हात घालायचा नाही. आधी सायलेन्सर खोलायचा, आत बघायचं, कॉम्प्रेशन पुन्हा मोजायचं आणि पहिल्या आकड्याशी ताडायचं. मी जाण्याआधीच मशीन तापवून ठेवलेलं असेल, तर ते थंड होईपर्यंत थांबायचं.

मशीन अस्सल आहे का हे ठरवताना, क्रँककेस मॅग्नेशियमची आहे का हे बघायला काहीजण आतल्या बाजूला बारीक खरवडून व्हिनेगरचा थेंब टाकतात. मॅग्नेशियमवर लगेच फेस येतो, ॲल्युमिनियमवर येत नाही. चाचणी खरी आहे, पण ती फक्त क्रँककेसबद्दल सांगते. माझ्या मशीनवर आजही झकास फेस येतो.

ऑनलाइन सौद्यांत वेगळे भामटे असतात. बदली झालीय म्हणून मशीन स्वस्तात काढतोय असं सांगून आगाऊ पैसे मागणारे, किंवा "तुम्हाला पैसे पाठवतो, हा क्यूआर स्कॅन करा" म्हणणारे. पैसे घ्यायला यूपीआय पिन कधीच लागत नाही. तसं काही झालं तर क्षणभरही न थांबता 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. तिथं जितक्या लवकर तक्रार, तितकी रक्कम अडवली जाण्याची शक्यता जास्त.

माझ्या तक्रारीचं काय होतं ते होईल. तोवर कोल्हापूर, सांगली, बेळगाव, निपाणी भागात कुणाला 070 चा महलेचा ब्लॉक सुटा विकायला आला, तर सायलेन्सरच्या बाजूचा वरून तिसरा फिन बघा. तुकडा उडालेला असेल तर तो माझ्या मशीनचा आहे. घेऊ नका, फोटो काढून ठेवा, विकणारा तो कुठून आणला म्हणतो ते लिहून घ्या आणि मला कळवा. त्याच लॉटमधला टिलॉटसन कार्बोरेटर आणि पॉइंटही कुठंतरी विकायला येणारच, त्यांचेही फोटो मी तपास अधिकाऱ्यांकडं दिलेत.