घराच्या भेगा, स्ट्रक्चरल इंजिनिअर आणि मधला एक पावसाळा: दहा महिन्यांनंतर

बेळगावच्या वडगावात येळ्ळूर रोडच्या बाजूला आमचं घर आहे, १९९६ चं. दगडी पाया, विटांच्या भिंती, वर स्लॅब. कॉलम एकही नाही. जागा पूर्वी भातशेताची, त्यामुळे खाली काळी माती. मागच्या वर्षी धाकट्या भावाचं लग्न ठरलं आणि माडी चढवायचं घाटू लागलं. त्याच सुमारास मागच्या खोलीत खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी गेलेली भेग पुन्हा उघडली. दोन वर्षांपूर्वी गवंड्याने ती सिमेंटने भरून वर रंग मारला होता. २०१९ च्या ऑगस्टमधल्या पावसात जिल्ह्यात किती घरं बसली ते सगळ्यांनी पाहिलंय. आई त्या खोलीत झोपेना.

कॉन्ट्रॅक्टर म्हणाला, "काही होत नाही, वर हलकी भिंत चढवू." वॉटरप्रूफिंगवाल्याने गच्चीला केमिकल सुचवलं. भेगेला हात लावून कोणीच पाहिलं नाही. म्हणून एप्रिलमध्ये स्ट्रक्चरल इंजिनिअर बोलावला. ओळखीतून मिळालेला, बैलहोंगलकडचा तरुण मुलगा. मराठी थोडं अडखळत, पण स्पष्ट बोलायचा. बाबा घाई करायला लागले की म्हणायचा, "काका, स्वल्प तडीरी," म्हणजे जरा थांबा.

साडेतीन तास तो घरात होता. आधी नुसते प्रश्न: भेग पहिल्यांदा कधी दिसली, कोणत्या महिन्यात वाढते, मोरीचं पाणी कुठे जातं, दारं कधी अडकतात. पावसाळ्यात मागचं दार घासतं हे आईने सांगितलं आणि त्याने ते लगेच लिहून घेतलं. मग गवंड्याने भरलेलं सिमेंट खरवडून काढलं, कारण त्याखाली जुन्या भेगेची खरी रुंदी होती. तुमच्याकडेही भेगा असतील तर इंजिनिअर येऊन जाईपर्यंत त्या भरू नका, रंगही मारू नका. आम्ही तीच चूक केली होती.

मला सगळ्यात पटलं ते त्याने खणायला लावलेले दोन खड्डे. एक मोरीच्या कोपऱ्याजवळ, दुसरा साधारण दहा फुटांवर त्याच भिंतीच्या दुसऱ्या टोकाला. भर एप्रिलमध्ये मोरीजवळची माती दोन फुटांवर चिकट ओली होती. दुसऱ्या खड्ड्यात ढेकळं सुटत होती, बोट जाईल एवढ्या फटी. आमचा पाया जेमतेम अडीच फूट. काळी माती ओलीने फुगते आणि वाळली की आकसते. एक टोक मोरीच्या गळक्या पाइपमुळे बारा महिने फुगलेलं, दुसरं दर उन्हाळ्यात खाली बसतंय आणि भिंत मधे तिरकी फाटतेय. हे त्याने खड्ड्याच्या काठावर उभं राहून बाबांना सांगितलं. त्यानंतर घरात वाद झाला नाही.

स्लॅबच्या खाली भिंतीला धरून गेलेली आडवी रेघ मात्र त्याने बाजूला काढली. उन्हाने स्लॅब प्रसरण पावतो, त्याची ती खूण, घाबरू नका म्हणाला. बाथरूमवरचा स्लॅब वेगळा निघाला. तिथे खपल्या पडत होत्या. त्याने काँक्रीटचा ताजा तुकडा काढून त्यावर फिनॉल्फ्थॅलीन नावाचं रसायन फवारलं. चांगलं काँक्रीट गुलाबी होतं. आमच्याकडे वरचा पंचवीस मिलिमीटर थर रंगलाच नाही, आणि सळ्या होत्या पंधरा मिलिमीटर खोलीवर. म्हणजे सळ्यांना गंजापासून राखणारी काँक्रीटमधली अल्कली तिथे संपली होती. सुटं काँक्रीट काढून, सळ्या घासून, गंजरोधक लावून पॉलिमर मॉर्टर भरायला चौतीस हजार लागले. गच्चीवरची हजार लिटरची टाकीही स्लॅबच्या मधून भिंतीवर सरकवली. भरली की एक टन वजन, इतकी वर्षं आमच्या लक्षात आलं नव्हतं.

माडीला त्याने साफ नाही म्हटलं. भावाला ते फार लागलं, आणि मलाही. वर बांधायचंच असेल तर घरापासून सुटे कॉलम, आणि काळ्या मातीसाठी अंडर-रीम्ड पाइल, म्हणजे खाली फुगीर बुडाचे खांब, असा पर्याय त्याने दिला. तो खर्च आमच्या आवाक्यात नव्हता. भाऊ अनगोळात भाड्याने राहतो. आई रोज डबा पाठवते.

तक्रारीही आहेत. फी बारा हजार ठरली होती. चाचण्यांचे साडेआठ हजार वेगळे, हे बिल आल्यावर कळलं. रिपोर्ट तीन आठवडे उशिरा आणि पूर्ण इंग्रजीत आला. बाबांना मी एका रविवारी बसून वाचून दाखवला. दुरुस्तीच्या खर्चाचा अंदाज त्यात नव्हता. आणि जुलैच्या झडीत, जेव्हा मला खरोखर विचारायचं होतं, तेव्हा त्याने आठवडाभर फोन उचलला नाही. तुम्ही चाचण्या, त्यांचे पैसे आणि पावसाळ्यानंतरची एक फेरी, हे आधीच लिहून घ्या. बोलवायचं ते एप्रिल-मेमध्ये, भेगा पूर्ण उघडलेल्या असताना.

तरीही मी त्याच्यावर समाधानी आहे, त्याचं कारण दोन स्क्रू आहेत. भेगेच्या दोन्ही बाजूंना एकेक बसवून त्याने बाबांना कॅलिपर धरायला शिकवलं: महिन्याच्या पहिल्या तारखेला, सकाळी, अंतर मोजायचं. बाबा ते भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहितात. एप्रिलमध्ये ८२.६ मिलिमीटर, जूनमध्ये ८३.१, ऑगस्टमध्ये ८१.४, ऑक्टोबरमध्ये ८१.०. भेग पावसात मिटते, उन्हात उघडते, हे आकड्यांत दिसलं आणि आईची भीती तिथेच निम्मी झाली. मोरीचा पाइप मेमध्येच बदलला. नोव्हेंबरमध्ये घराभोवती एक मीटर रुंद, बाहेर उतार असलेला काँक्रीटचा पट्टा केला, भिंतीलगतच्या मातीची ओल फार बदलू नये म्हणून. फेब्रुवारीचं माप ८१.५. मोरीकडचं टोक आता वाळून थोडं बसेल, त्यामुळे पूर्ण उन्हाळा जाईपर्यंत भेग भरायची नाही असं त्याने बजावलंय. जूनचं माप गेल्या वर्षीपेक्षा किती कमी येतं यावर पट्ट्याचा उपयोग ठरेल, तेव्हा इथे लिहीन.