लिनियर व्हायब्रेटर: दहा महिने वापरून झाल्यावर

रत्नागिरीला मिरजोळे एमआयडीसीत आमचं छोटं युनिट आहे, स्विचची जोडणी करतो. डिसेंबरात बाउल फीडरच्या (थरथरून सुटे भाग ओळीने बाहेर सोडणारा वाडगा) पुढे लिनियर, म्हणजे थरथरून माल सरळ पुढे नेणारा ट्रॅक, बसवला, एम फोरचे (४ एमएम स्क्रूचे) पितळी वॉशर रांगेत पिकअपपर्यंत, म्हणजे ते उचलले जातात तिथपर्यंत न्यायला. आधी तिरकी पन्हळ होती आणि एक पोरगा दिवसभर काडीने अडकलेला माल ढकलत बसायचा.

पहिला महिना नुसता वैताग. नॉब फुल केला तरी वॉशर जागच्या जागी थरथरतायत, पुढे सरकायचं नाव नाही. बनवणाऱ्याला शिव्या घालून झाल्या, मग कळलं घोळ आमच्याच टेबलाचा, पातळ पत्र्याचं टेबल, फीडरऐवजी तेच हलत होतं. खाली २० एमएमची प्लेट टाकून बोल्ट आवळले तर अर्ध्या नॉबवर माल पळायला लागला. मग आम्ही शहाणपणा करून ट्रॅक लांब केला, वजन वाढलं, ट्यूनिंग गेलं, म्हणजे स्प्रिंगांचा ताल ठोक्यांशी जुळेना, लीफ स्प्रिंगची (ट्रॅकला तोलणाऱ्या चपट्या पट्ट्या) एक पट्टी वाढवावी लागली. आमचा कंट्रोलर साधा, ५० हर्ट्झच्या लाईनवर सेकंदाला १०० ठोके, नॉबने फक्त जोर कमीजास्त होतो. फ्रिक्वेन्सी बदलणारा घेतला असता तर स्प्रिंगा खोलत बसावं लागलं नसतं, पण तेव्हा पैसे वाचवायचे होते ना!

वॉशर एकमेकांवर चढायचे तेही सांगतो. जाडी ०.८ एमएम, म्हणून वरची झाकणपट्टी १.२ वर आणली, चढणं बंद.

पावसाळ्यात मात्र घाम काढला. मालावर प्रेसचं तेल राहिलं आणि त्यात ही दमट हवा, की दोन-दोन वॉशर चिकटून येतात, आता धुवून वाळवल्याशिवाय बाउलमध्ये टाकतच नाही. व्होल्टेज पडलं की वेगही पडतो, स्टॅबिलायझर लावला. गणपतीआधी ऑपरेटर म्हणाला, "दादा, ह्याचा घसा बसलाय," मी सुट्टीच्या घाईत दुर्लक्ष केलं. गौरी-गणपती विसर्जन करून आलो, खोलून बघतो तर पट्ट्यांमध्ये लालभडक गंज आणि एक पट्टी बोल्टपाशी तडकलेली. सेट बदलला, आता दर शनिवारी पट्ट्यांना गंजरोधक तेलाचा हलका हात, ट्रॅकला चुकूनही नाही.

थरथर देणारी कॉईल अजून ठणठणीत आहे. स्क्रूच्या लाईनला दुसरा घेतोय, प्लेट आधीच कापायला टाकलीय.