शोकात असताना: चर्चचा आघात-उपचार वर्ग की गोव्यातल्या बांबोळीची मानसोपचार ओपीडी?

घरचं माणूस गेल्यावर लगेच गटवर्ग नको. तेराव्याची किंवा महिन्याच्या मिसाची (चर्चमधल्या प्रार्थनाविधीची) धावपळ संपू दे. बायबलवर आधारलेल्या वर्गात जोडीने बसून तीनच प्रश्न विचारतात: काय घडलं, कसं वाटलं, सर्वांत जड काय गेलं? मग स्तोत्रांच्या धर्तीवर देवाकडे गाऱ्हाणं लिहायचं, रागासकट. वर्गाचं खरं बळ इथेच. बिघडतं कुठे? ‘देवाची इच्छा’ म्हणत कोणी मध्येच तोंड बंद करतं तिथे. शिवाय वाड्यावर गुपित टिकतं थोडंच!

बांबोळीच्या मानसोपचार संस्थेत डॉक्टरशी एकट्याने बोलता येतं, गरज पडल्यास औषधही मिळतं. गाऱ्हाण्याची वही मात्र तुमची तुम्हीच उघडायची. मरणाचे विचार येत असतील तर वर्ग राहू दे, आधी टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ लावा. चोवीस तास, फुकट.