शक्तिमान की निस्सान वन-टन?

भाच्याला लष्करी लिलावातून फिरत आलेला जुना ट्रक हवाय. शक्तिमान घेऊ की निस्सान वन-टन, या पेचात आहे. दोन्ही जबलपूरचे: शक्तिमान जर्मनीच्या मान कंपनीच्या परवान्यावर, वन-टन जपानी निस्सानच्या.

आधी खर्च. वन-टनचं ३९५६ सीसीचं सहा सिलिंडर पेट्रोल इंजिन जोंगा या लष्करी जीपमध्येही असायचं, म्हणून सुटे भाग शोधायला दोन गाड्यांचं भंगार मिळतं. पण पेट्रोल पिते रेड्यासारखी! शक्तिमान डिझेलवर, ओझ्याला दमदार. मात्र १९९६ च्या सुमारास उत्पादन थांबलं, तेव्हा जुना मिस्त्री ओळखीचा हवाच.

टिकाऊपणात दोन्ही दणकट. केबिनमधलं मॅट उचलून पत्र्यावर स्क्रूड्रायव्हर टोचून बघ. आत गेला तर परत फिर.

कागदपत्रांत दोघांचीही तीच रड. २०२१ चे विंटेज नियम, म्हणजे पन्नाशी ओलांडलेल्या गाड्यांच्या नोंदणीचे, दुचाकी आणि प्रवासी चारचाकींपुरते, ट्रकला ती पळवाट नाही. चासी नंबर लिलावाच्या कागदाशी जुळला नाही, तर फुकटही नको.

शेतावर ओझं वाहायचं, जागा मोठी, तर शक्तिमान. रविवारी घाटात मिरवायचं आणि स्वतः पाना हातात घ्यायची हौस, तर वन-टन.