ग्लुटेन नको, साखर नको, कृत्रिम स्वीटनरही नको: च्युइंगमचा काही महिन्यांचा अनुभव

मला सिलिअ‍ॅक आहे, म्हणजे गहू-बार्लीतल्या ग्लुटेन या प्रथिनामुळे लहान आतड्याला इजा होण्याचा आजार, आणि तोंड सारखं कोरडं पडतं. जेवणानंतर वीसेक मिनिटं बिनसाखरेचं च्युइंगम चघळा, लाळ सुटली की तोंडातली आम्लता उतरते आणि दातांना आराम मिळतो, असं दातांच्या डॉक्टरांनी सांगितलं. सल्ला रास्त आहे. सिलिअ‍ॅकच्या अनेक रुग्णांच्या दातांचं एनॅमल, म्हणजे वरचं कठीण आवरण, मुळातच कच्चं असतं, त्यामुळे तो मी मनावर घेतला. पण ग्लुटेन नको, साखर नको आणि अ‍ॅस्पार्टेम, सुक्रालोज, अ‍ॅसिसल्फेम-के या कृत्रिम स्वीटनरांपैकीही काही नको, अशा तिन्ही अटी एकदम लावल्या की फळीवरची बहुतेक पाकिटं परत ठेवावी लागतात. बरीच पाकिटं आणून, वापरून, बाजूला सारून आता माझ्याकडे दोनच गोष्टी उरल्या आहेत: झायलिटॉल या साखरेऐवजी वापरल्या जाणाऱ्या गोड पदार्थाचं च्युइंगम आणि रुमी मस्तकी या झाडाच्या राळेचे नुसते खडे. हाच शोध घेणाऱ्यांसाठी सगळं सविस्तर लिहिते आहे.

आधी ग्लुटेन. च्युइंगमचा जो चिवट भाग असतो, म्हणजे गम बेस, त्यात सहसा ग्लुटेन नसतं. धोका असतो तो वरून घातलेल्या गोष्टींत: गोळ्या एकमेकींना चिकटू नयेत म्हणून भुरभुरवलेली पूड, स्टार्च, बार्लीचं माल्ट (मोड आणून वाळवलेली बार्ली), आत भरलेला मऊ गर. काही उत्पादक या पुडीसाठी तांदळाचं पीठ वापरतात, ते आपल्याला चालतं. नुसतं ‘स्टार्च’ लिहिलेलं असेल आणि कशाचं ते दिलं नसेल, तर मी ते पाकीट घेत नाही. अमेरिकेत गव्हाचा उल्लेख पाकिटावर सक्तीचा आहे, बार्लीचा नाही. युरोपीय संघात दोन्हींचा आहे. म्हणून ‘गहू नाही’ एवढं वाचून थांबू नये. ‘ग्लुटेन-फ्री’ असं स्पष्ट लिहिलेलं असणं सगळ्यात बरं, कारण त्यामागे किलोला २० मिलिग्रॅमची मर्यादा असते. माल्टोडेक्स्ट्रिन या स्टार्चपासून केलेल्या पुडीला मात्र घाबरायचं कारण नाही. नावात माल्ट ऐकू येतं, पण बार्लीशी त्याचा संबंध नसतो. तो बहुधा मक्यापासून बनवतात.

साखरेची अट त्याहून अवघड निघाली. ‘शुगर-फ्री’ लिहिलेल्या बहुतेक च्युइंगममध्ये पहिला घटक सॉर्बिटॉल असतो, मग माल्टिटॉल किंवा मॅनिटॉल आणि शेवटी थोडं अ‍ॅस्पार्टेम किंवा सुक्रालोज. ‘कृत्रिम स्वीटनर नाही’ असं लिहिलेल्या पाकिटातही सॉर्बिटॉल असू शकतं आणि ते नियमाला धरूनच असतं, कारण सॉर्बिटॉल, झायलिटॉल ही मंडळी साखर-अल्कोहोल या वेगळ्या गटात मोडतात (नावात अल्कोहोल असलं तरी दारूशी संबंध नाही). नासपती आणि प्लममध्ये सॉर्बिटॉल निसर्गतः असतंच. पण ते लहान आतड्यात पूर्ण शोषलं जात नाही, पुढे मोठ्या आतड्यात जाऊन आंबतं आणि पोट फुगतं. ज्यांचं आतडं सिलिअ‍ॅकमधून अजून सावरत आहे, त्यांना हा त्रास अधिक जाणवू शकतो. मला तर संध्याकाळपर्यंत पोट तडतडल्यासारखं व्हायचं आणि ग्लुटेन पोटात गेलं की काय, अशी शंका यायची. दोन्हींची लक्षणं सारखी असल्यामुळे या आजारात सॉर्बिटॉल फारच गोंधळ घालतं. ते बंद केल्यावर पोट शांत झालं.

अ‍ॅस्पार्टेमबद्दल माझी भूमिका भीतीची नाही. २०२३ साली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने ते ‘कर्करोगकारक असण्याची शक्यता’ या गटात टाकलं, पण त्याच वेळी अन्न-घटक तपासणाऱ्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ समितीने शरीराच्या दर किलो वजनामागे रोज ४० मिलिग्रॅम ही जुनी मर्यादा तशीच ठेवली. च्युइंगममधून तेवढं पोटात जाणं जवळपास अशक्य आहे. (फिनाइलकिटोन्युरिया, म्हणजे अ‍ॅस्पार्टेममधला एक घटक शरीराला पचवता न येण्याचा जन्मजात आजार, असलेल्यांनी मात्र ते टाळायलाच हवं.) मला नको आहे ती त्याची जिभेवर रेंगाळणारी चव. कोरड्या तोंडात ती तासभर जात नाही. स्टीव्हिया या वनस्पतीपासून मिळणारा गोड अर्क घातलेल्या गोळ्यांचीही मागाहून ज्येष्ठमधासारखी कडसर चव येते, म्हणून त्याही बाजूला पडल्या.

आता जे टिकलं त्याविषयी. झायलिटॉल बर्चच्या लाकडापासून किंवा मक्याच्या कणसाच्या दांड्यांपासून बनवतात. गोडी साखरेएवढीच, उष्मांक ग्रॅमला सुमारे २.४, आणि दात किडवणाऱ्या जिवाणूंना त्यापासून आम्ल तयार करता येत नाही. दातांसाठीचा त्याचा अभ्यास १९७०च्या दशकात फिनलंडमधल्या तुर्कू इथे झाला आणि आजही त्याचाच दाखला देतात. तोंडात विरघळताना ते उष्णता शोषून घेतं, म्हणून पुदिना नसतानाही गारवा जाणवतो. प्युर आणि स्प्राय ही केवळ झायलिटॉलवर चालणाऱ्या च्युइंगमची परिचित नावं. स्वाद काही मिनिटांत उतरतो, हे आधीच धरून चाला. मला त्याचं काही वाटत नाही, कारण लाळ चघळण्याने सुटते आणि चव गेल्यावरही सुटत राहते. सुरुवातीला दिवसाला एकच गोळी घ्यावी आणि पोटाला सवय झाली की वाढवावी.

दोन सूचना. घरात कुत्रा असेल तर झायलिटॉल त्याच्या तोंडी लागेल असं कुठेही ठेवू नका. थोड्याशा मात्रेनेही त्याची रक्तशर्करा एकदम कोसळते आणि यकृतालाही इजा होऊ शकते. दुसरं, २०२४ साली एका अभ्यासात रक्तातलं जास्त झायलिटॉल आणि हृदयविकार यांचा संबंध दिसला. त्यात सहभागींना दिलेल्या पेयात ३० ग्रॅम झायलिटॉल होतं, तर एका गोळीत साधारण १ ग्रॅम असतं. मी खाणं थांबवलेलं नाही, पण दिवसभर एकामागून एक गोळ्याही चघळत नाही.

चिकलच्या च्युइंगमकडून मला फार आशा होती. मेक्सिको, ग्वाटेमाला आणि बेलीझच्या जंगलांत चिकूच्या झाडाला चिरा पाडून जो चीक काढतात, तोच चिकल. दुसऱ्या महायुद्धानंतर त्याची जागा कृत्रिम रबर आणि पॉलिमरांनी घेतली. चिकलचा पोत सुंदर आहे, पण बऱ्याच चिकल च्युइंगममध्ये उसाची साखर असते. झायलिटॉलवाला प्रकार मिळाला तरच माझ्या अटींत बसतो, आणि तो हमखास मिळेल असं नाही. प्लास्टिक टाळायचं म्हणून चिकलकडे वळणाऱ्यांसाठी हेही सांगायला हवं की २०२५ मध्ये मांडलेल्या एका छोट्या अभ्यासात नैसर्गिक आणि कृत्रिम, दोन्ही च्युइंगममधून सूक्ष्म प्लास्टिक लाळेत उतरताना दिसलं.

आणि मस्तकी. ग्रीसच्या खिऑस बेटाच्या दक्षिण भागातल्या झाडांची ही राळ. सालीला चिरा देतात, थेंब जमिनीवर पडून सुकतात, मग ते वेचून हातांनी साफ करतात. २०१४ साली युनेस्कोने या कामाची परंपरा अमूर्त वारशाच्या यादीत घेतली. घटकांच्या यादीत एकच शब्द असतो, त्यामुळे वाचायला काही उरत नाही. इतक्या शोधानंतर याचा किती दिलासा वाटला! मात्र ‘मस्तकी स्वादाचं च्युइंगम’ वेगळं. त्यात साखर किंवा स्वीटनर असू शकतं. आपल्याला हवेत ते नुसते खडे.

पहिला खडा दाताखाली भुगा होतो आणि कडवट लागतो. पुष्कळ जण इथेच थुंकून टाकतात. तो भुगा जिभेने गोळा करून सावकाश दाबत राहिलं की मिनिटभरात पांढरट, मऊ गोळा तयार होतो आणि कडवटपणा जाऊन पाइनसारखी स्वच्छ चव उरते. गोडवा अजिबात नाही. पहिले काही दिवस ते जाणवलं, नंतर उलट झायलिटॉलच्या गोळ्याच जास्त गोड वाटू लागल्या. लहान लहान तीन-चार खडे एकत्र घ्यावेत, आणि चघळताना गार पाणी पिऊ नये, गोळा कडक होतो. साध्या च्युइंगमपेक्षा जबड्याला काम जास्त पडतं. जबड्याचा सांधा दुखत असेल किंवा दातातलं फिलिंग सैल असेल, तर हा प्रकार टाळा. हे झाड पिस्त्याच्याच कुळातलं आहे, तेव्हा पिस्ता किंवा काजूची अ‍ॅलर्जी असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नये.

सध्या दुपारी जेवणानंतर झायलिटॉल आणि संध्याकाळी काम करताना मस्तकी, असं चालू आहे. तोंडाचा कोरडेपणा पुरता गेलेला नाही, पण पाण्याच्या घोटाशिवाय सलग बोलता येतं. पोटाची तक्रार नाही. दोन्हींपैकी एकच मिळणार असेल, तर दातांची चिंता असलेल्यांनी झायलिटॉल घ्यावं. ज्यांना गोडी देणारा कुठलाही पदार्थ सोसत नाही, त्यांनी मस्तकी. झायलिटॉलचं नवं पाकीट आणताना घटकांची यादी दर वेळी नव्याने वाचा, कारण त्याच नावाच्या दुसऱ्या स्वादात घटक वेगळे असू शकतात.